सहीआधीचे दिवस

शनिवार, ९ ऑगस्ट २०२५

राखी बांधून, ओवाळून झालं आणि ताईने पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. भाचीची गाण्याच्या एका मोठ्या रिअॅलिटी शोसाठी निवड झाल्याचं गेल्या आठवड्यातच कळलं होतं. आज करार आला. सगळा इंग्रजीत, बारीक टायपात, प्रत्येक पानाखाली सहीसाठी रेघ. "मामा, मंगळवारपर्यंत सही करून पाठवा म्हणून राहिले ते," भाची म्हणाली. "तुम्ही दिवसभर करारच वाचता न. एकदा पाहून द्या."

नागपूरच्या मिहान प्रकल्पातल्या एका कंपनीत विमानाच्या सुट्या भागांचे खरेदी-करार तपासणं हे माझं काम. ताईला वाटतं, एवढ्या मोठ्या लोकांनी दिलेला कागद, त्यात काय पाहायचं? पोरगी टीव्हीवर दिसेल, नाव होईल, अजून काय पाहिजे? तिचं म्हणणं मला समजतं. चिंचभुवनच्या दोन खोल्यांत, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून पहाटे दारं-खिडक्या लावून या मुलीने रियाज केला आहे.

रात्री वाचायला बसलो. महत्त्वाची कलमं टिपून ठेवतो.

शो चालू असताना आणि संपल्यावर बारा महिने परवानगीशिवाय दुसऱ्या चॅनेलवर, मंचावर, यूट्यूबवर गायचं नाही. करार संपल्यानंतरची दोन वर्षं कुणीही काम देऊ केलं, तर आधी शो बनवणाऱ्या कंपनीला कळवायचं. तिने तेवढेच पैसे देऊ केले, तर काम तिच्याकडेच करायचं. शोमध्ये जे गायलं, वाजवलं, बोललं, त्याचे सगळे हक्क कंपनीचे: कायमचे, जगभरासाठी, आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सगळ्या माध्यमांत. स्पर्धकाने स्वतः रचलेलं गाणं सादर केलं, तर तेही यात आलं. रॉयल्टीचा कोणताही दावा स्पर्धक सोडून देत आहे. चित्रीकरण हवं तसं कापता-जोडता येईल.

स्वतः रचलेल्या गाण्याच्या कलमापाशी थांबलो. भाची लिहिते, चालीही लावते. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांची शेतं मिहानमध्ये गेली, त्यावर तिचं एक गाणं आहे. ऑडिशनमध्ये तेच तिने म्हटलं आणि तेच परीक्षकांना आवडलं.

सोमवार, ११ ऑगस्ट

आमच्याकडे साध्या बोल्टचा करारसुद्धा किती वर्षांचा, कोणत्या देशासाठी आणि किती रुपयांचा, हे लिहिल्याशिवाय पुढे सरकत नाही. करारातून बाहेर पडायची वाट दोन्ही बाजूंना दिलेली असते. भाचीच्या करारात ती वाट फक्त कंपनीला आहे.

दुपारच्या सुट्टीत कॉपीराइट कायदा १९५७ उघडून बसलो. कलम १९ शांतपणे वाचलं. हक्क दुसऱ्याला द्यायचा, तर ते लेखी हवं, सही हवी. कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि मोबदला किती, हे सगळं कागदावर हवं. मुदत लिहिलीच नाही, तर ती पाच वर्षांची धरतात. प्रदेश लिहिला नाही, तर भारतापुरताच धरतात. हक्क घेणाऱ्याने एका वर्षात तो वापरलाच नाही, तर तो परत जातो. मात्र करारात वेगळं ठरलं असेल तर नाही. हे तिन्ही आधार कागद जिथे गप्प असतो तिथेच कामी येतात. म्हणूनच कंपन्यांचे वकील 'कायमचे' आणि 'जगभर' हे दोन शब्द कधी विसरत नाहीत.

कलम १८ मध्ये आणखी एक गोष्ट सापडली. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यापारात आलेलं नव्हतं, ते त्या करारात स्पष्ट नाव घेऊन लिहिलेलं नसेल, तर त्या माध्यमाचा हक्क दिला गेला असं होत नाही. 'पुढे निघणाऱ्या सगळ्या माध्यमांत' असं मोघम लिहून भागतं का, यावर भांडायला जागा आहे. २०२४ च्या जुलैमध्ये अरिजित सिंग मुंबई उच्च न्यायालयात गेला, तो आपल्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल थांबवण्यासाठी, आणि न्यायालयाने त्याला संरक्षण दिलं. तो नावाजलेला गायक आहे. बावीस वर्षांच्या मुलीने तिचा आवाज कोणत्या यंत्राला शिकवायला वापरायचा, हे आजच एका ओळीत देऊन टाकू नये.

संध्याकाळी भाचीने कंपनीला मेल लिहिला: कायदेशीर सल्ला घ्यायचा आहे, मुदत वाढवून द्यावी. तासाभरात उत्तर आलं, २९ तारखेपर्यंत चालेल. मंगळवारची मुदत दगडावरची रेघ नव्हतीच. विचारणारे थोडे, एवढंच.

बुधवार, १३ ऑगस्ट

ऑफिसातून लवकर निघालो. खापरीहून मेट्रोने सीताबर्डी, तिथून ऑटोने सिव्हिल लाइन्स. भाची तिथेच भेटली. वकीलबाई ओळखीतल्या, बौद्धिक संपदेची प्रकरणं पाहतात. त्यांचा पहिला प्रश्न: "तू फक्त गातेस, की लिहितेस आणि चालही लावतेस?"

कायद्याच्या नजरेत ही तीन वेगळी माणसं. शब्द लिहिणारा साहित्यकृतीचा लेखक, चाल देणारा संगीतकृतीचा लेखक आणि गाणारा तो 'सादरकर्ता'. सादरकर्त्याच्या व्याख्येत गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार आणि गारुडीही आहेत. कुणाला हक्क मिळावेत याचा विचार करताना कायद्याने रस्त्यावरच्या कलावंतालाही वगळलेलं नाही, हे मला आवडलं.

गीतकार आणि संगीतकारासाठी २०१२ हे वर्ष मोठं. १७ मे रोजी राज्यसभेने आणि २२ मे रोजी लोकसभेने दुरुस्ती मंजूर केली, २१ जूनपासून ती लागू झाली. राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य असलेल्या जावेद अख्तरांनी तिच्यासाठी जीव तोडून बाजू मांडली होती. त्याआधी गीतकार एकरकमी पैसे घेऊन सगळे हक्क लिहून देत असे आणि गाणं पुढे कितीही वाजलं तरी त्याच्या घरी काही येत नसे. आता चित्रपटातल्या किंवा ध्वनिमुद्रणातल्या गाण्याच्या शब्दांवर आणि चालीवर जी रॉयल्टी येईल, तिच्यातला निम्मा वाटा त्या लेखकाचा. (चित्रपट थिएटरात दाखवला, तर त्यातल्या गाण्याला हा नियम लागत नाही.) हा वाटा त्याला सोडून देता येत नाही, वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच तो देता येतो. "सोडून देते असं कुणी लिहून घेतलं, तरी तो करार तेवढ्यापुरता रद्दबातल," वकीलबाईंनी भाचीकडे पाहत सांगितलं. म्हणजे तिच्या करारातलं रॉयल्टी सोडण्याचं कलम तिच्या स्वतःच्या गाण्यांच्या बाबतीत उभंच राहत नाही.

गायिका म्हणून मात्र तिची बाजू पातळ आहे. चित्रीकरणात सामील व्हायला लेखी संमती दिली, की वेगळं काही ठरलेलं नसेल तर सादरीकरणाचे हक्क निर्माता वापरू शकतो, आणि टीव्हीवरचा कार्यक्रमही कायद्याच्या व्याख्येत 'चलचित्र' ठरतो. गायकाच्या हातात दोन गोष्टी उरतात: त्या सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर रॉयल्टीचा हक्क, आणि आपलं नाव लागावं, आपल्या गाण्याची मोडतोड होऊन अब्रू जाऊ नये याचा नैतिक हक्क. सादरकर्त्याच्या हक्काची मुदत ५० वर्षं.

निघताना वकीलबाईंनी दोन संस्थांची नावं भाचीच्या वहीत लिहून दिली. गीतकार-संगीतकारांसाठी १९६९ पासूनची इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस. आणि गायकांसाठी २०१३ मध्ये उभी राहिलेली संघटना, जी आता वादकांनाही घेऊन इसामरा या नावाने चालते. "टीव्हीवर जाण्याआधी सभासद हो," त्या म्हणाल्या. "नाव नोंदलेलं नसेल तर पैसा जमा होतो आणि कुणाचा ते कळत नाही."

शुक्रवार, १५ ऑगस्ट

आवारात झेंडावंदन झालं. राष्ट्रगीतानंतर राज्यगीत लागलं. 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत राजा बढे यांचं. बढे नागपूरचे. चाल श्रीनिवास खळे यांची, आवाज शाहीर साबळे यांचा. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते महाराष्ट्राचं राज्यगीत आहे. गाण्याच्या शोमध्ये महाराष्ट्र दिनाचा भाग या गीताशिवाय क्वचितच होत असेल.

घरी आल्यावर भाचीला हेच गाणं घेऊन हिशेब समजावला. शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. राजा बढे १९७७ साली गेले, म्हणून शब्द २०३७ संपेपर्यंत हक्कात आहेत. खळेकाका २०११ साली गेले, म्हणून चाल २०७१ संपेपर्यंत. एकाच गाण्याच्या शब्दांची आणि चालीची मुदत अशी चौतीस वर्षांच्या अंतराने संपते. सुरेश भट २००३ साली गेले. त्यांच्या गझला २०६३ पर्यंत. गदिमा १९७७ साली गेले. 'गीतरामायणा'चे शब्द २०३७ पर्यंत. आपल्या सावनेरला १९१९ साली देह ठेवलेले राम गणेश गडकरी आणि त्याच्याही आधीचे देवल, किर्लोस्कर आता सगळ्यांचे आहेत. त्यांचं पद कुणीही गावं.

"म्हणजे मी आता लिहिलेलं गाणं मी गेल्यावरही साठ वर्षं कमावून राहीन?" भाचीने विचारलं.

हो. आणि ज्या वयात त्या गाण्याची किंमत काय होणार हे कुणालाच ठाऊक नसतं, त्या वयात ते कायमचं मागितलं जातं. मला या सगळ्यात खुपतं ते हेच. टीव्हीवर संधी देणाऱ्याने शोच्या चित्रीकरणाचा हक्क मागावा, ते रास्त आहे. मंच, वाद्यवृंद, कॅमेरे, प्रसारण यांचा खर्च तो करतो. पण मुलीने घरात बसून रचलेलं गाणं त्या खर्चातून जन्मलेलं नाही. ते तिच्यासोबत शोमध्ये येतं आणि शो संपल्यावर तिच्यासोबतच परत गेलं पाहिजे.

रविवार, १७ ऑगस्ट

रविवारची दुपार भाचीने इथेच काढली. तिला लताबाईंच्या गोष्टी सांगितल्या. तिला गाणी सगळी पाठ आहेत, पण त्यांच्यामागची भांडणं माहीत नव्हती.

१९४९ च्या 'महल'मधल्या त्यांच्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. रेडिओवर गाणं लागलं आणि हा आवाज कुणाचा म्हणून श्रोत्यांनी पत्रं पाठवली, तेव्हा खरं नाव पुढे आलं. पुढे साठच्या दशकाच्या सुरुवातीला लताबाईंनी मागणी केली की रेकॉर्डच्या विक्रीतून निर्मात्याला जी रॉयल्टी मिळते, तिच्यात गायकालाही वाटा हवा. मोहम्मद रफींचं मत वेगळं होतं: गाण्याचे पैसे घेतले, व्यवहार संपला. दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं बंद ठेवलं. १९६७ च्या सुमारास ते पुन्हा एका मंचावर आले. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक होते. पण पुढच्या पिढ्यांच्या कामी आली ती लताबाईंची बाजू, कारण कायदा शेवटी तिच्याच दिशेने गेला.

तो सहज गेला नाही. १९७७ साली आयपीआरएस आणि पूर्व भारतातल्या चित्रपट निर्मात्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला आणि निर्माते जिंकले. त्या निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आपली वेगळी टीप जोडली. तेव्हाच्या कायद्यात 'संगीतकृती' म्हणजे कागदावर उतरवलेली स्वरलिपी. ती जिवंत करणाऱ्या गळ्याला कायद्यात जागाच नव्हती. ही उणीव संसदेने दूर करावी, असं त्यांनी सुचवलं. सादरकर्त्यांचे हक्क कायद्यात आले १९९४ च्या दुरुस्तीने आणि रॉयल्टीचा हक्क २०१२ साली. लताबाईंनी मागणी केली त्याला तोवर जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यांनी एवढं भांडून मिळवलं अन् मी एका सहीत सोडून द्यायचं, हे बरोबर नाही न मामा."

मंगळवार, १९ ऑगस्ट

बारा महिन्यांच्या बंदीवर आज बोलणं झालं. भाचीचं घर चालतं ते वर्धा रोडवरच्या हॉटेलांतल्या शनिवार-रविवारच्या कार्यक्रमांवर, लग्नसराईतल्या संगीतावर आणि कोजागरी ते होळी चालणाऱ्या ऑर्केस्ट्रांवर. शोमधून ती तिसऱ्याच आठवड्यात बाहेर पडली, तरी वर्षभर परवानगी मागत बसायचं. जिंकणाऱ्याला बक्षीस तरी मिळतं. लवकर बाहेर पडणाऱ्याच्या वाट्याला फक्त बंदी येते. स्पर्धक बहुतेक मधल्या फेऱ्यांतच बाहेर पडतात, म्हणून करार वाचताना विजेत्याचा विचार न करता मधेच बाहेर पडणाऱ्याचा विचार करावा.

दुसरं कलम, म्हणजे करार संपल्यावरही आधी कंपनीला विचारायचं, यावर वकीलबाईंनी फोनवर श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानचं प्रकरण सांगितलं. २००० साली त्याने पर्सेप्ट डी'मार्क या कंपनीशी तीन वर्षांचा करार केला होता. मुदतीनंतरही कुणाचा नवा प्रस्ताव आला, तर तो आधी या कंपनीला दाखवायचा आणि तिने तेवढंच देऊ केलं तर तिलाच द्यायचं, असं त्यात होतं. झहीरने दुसरीकडे जायचं ठरवलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. मार्च २००६ मध्ये निकाल झाला: मुदत संपल्यानंतर असं बंधन चालू ठेवणं भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ प्रमाणे रद्दबातल आहे. करार चालू असतानाचं बंधन वेगळं. ते न्यायालयं सहसा मान्य करतात. करार संपल्यावर माणूस आपला धंदा करायला मोकळा असला पाहिजे.

क्रिकेटपटूच्या बाबतीत जे खरं, ते गायिकेच्या बाबतीतही खरं. पण झहीरकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जायची ताकद होती. चिंचभुवनच्या मुलीकडे ती नाही, म्हणून तिच्यासाठी कलम कागदावरूनच निघालं पाहिजे. कोर्टात टिकणार नाही अशी अटही घाबरवायला पुरेशी असते. नोटीस आली की हॉटेलवाला कार्यक्रम रद्द करतो, निकालाची वाट पाहत नाही.

गुरुवार, २१ ऑगस्ट

भाचीची गोष्ट ऑफिसात कळली तशी स्टोअरमधली एक सहकारी जवळ येऊन बसली. तिचा नऊ वर्षांचा मुलगा लहान मुलांच्या शोच्या ऑडिशनला जाणार आहे. तिला नियम काढून दाखवले.

बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, २०१७ साली नियम आले. चौदा वर्षांखालच्या मुलाने शोमध्ये काम करायचं, तर निर्मात्याने जिथे चित्रीकरण होणार त्या जिल्ह्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. मुलाच्या मिळकतीचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेव म्हणून ठेवायचा. आणि मुलाच्या मनाविरुद्ध त्याला काहीही करायला लावायचं नाही.

२००८-०९ साली झी मराठीवरच्या 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'ने सगळा महाराष्ट्र टीव्हीसमोर बसवला होता. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत ही मुलं घराघरांतली झाली. तेव्हा हे नियम नव्हते. आता आहेत, पण आईबापांना माहीत नाहीत. सहकारीने सगळं मोबाइलमध्ये टिपून घेतलं आणि विचारलं, "हे ऑडिशनच्या वेळी कुणी सांगत का नाही?" सांगितलं पाहिजे. ऑडिशनच्या फॉर्मच्या पाठीमागे मराठीत छापलं पाहिजे.

शनिवार, २३ ऑगस्ट

काल पोळा झाला. आज शहरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघाली. गर्दीत जायचं टाळून भाचीसोबत घरी बसलो, शोने पाठवलेली गाण्यांची यादी घेऊन.

ज्या गाण्यांचे हक्क चॅनेलने आधीच मिळवले आहेत, त्यांचीच ही यादी. जुन्या चित्रपटगीतांचे हक्क बहुतेक मोठ्या संगीत कंपन्यांकडे असतात. पूर्वीची ग्रामोफोन कंपनी, म्हणजे एचएमव्ही, आजची सारेगामा. तिच्याकडचा साठा फार मोठा. चॅनेल अशा कंपन्यांशी घाऊक व्यवहार करतं आणि स्पर्धकाने त्यातूनच निवडायचं. म्हणून प्रत्येक शोमध्ये तीच तीच गाणी ऐकू येतात. मुलांना दुसरं येत नाही, असा प्रेक्षकांचा समज होतो.

भाचीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं खंजिरी भजन गायचं होतं. ते यादीत नाही. महाराज १९६८ साली गेले. हिशेबाने त्यांच्या रचना २०२८ संपेपर्यंत हक्कात आहेत, मग सर्वांसाठी खुल्या. वामनदादा कर्डकांची गाणी नाहीत, झाडीपट्टीतलं काही नाही. विदर्भातून गेलेल्या मुलीने विदर्भाचं गाणं गायचं नाही, असं कुणी ठरवलेलं नाही. हक्कांची परवानगी काढायला कुणी बसत नाही, एवढंच. म्हणून भाचीने शोला लिहिलं: संत तुकाराम, जनाबाई, गडकरी यांच्या शब्दांवर कुणाचाच हक्क उरलेला नाही, पारंपरिक चालीत मला ते गाऊ द्या. ही मागणी बिनखर्चाची आहे. ती मान्य व्हायला हरकत नसावी.

आपल्या विदर्भाच्या वैशाली माडे यांनी २००९ साली हिंदी 'सारेगमप' जिंकलं आणि पुढे २०१५ मध्ये श्रेया घोषाल यांच्याबरोबर 'बाजीराव मस्तानी'साठी गायलं. श्रेया घोषालही 'सारेगम'मधूनच पुढे आल्या. म्हणजे शो वाईट असतात असं मी म्हणणार नाही. हा दरवाजा खरा आहे. त्यातून आत जाताना काय बाहेर ठेवायला सांगतात, ते पाहून घ्यावं.

सोमवार, २५ ऑगस्ट

कंपनीच्या प्रतिनिधीशी फोनवर बोलणं झालं. वकीलबाई, भाची आणि मी एका बाजूला. आम्ही चारच मुद्दे ठेवले. तिची स्वतःची गाणी परिशिष्टात नावानिशी लिहून करारातून वगळावीत. रॉयल्टी सोडण्याच्या कलमात 'कायद्याने मिळणारी रॉयल्टी वगळून' हे शब्द घालावेत. शोनंतरची बंदी कमी करावी आणि तिच्या उपजीविकेचे कार्यक्रम त्यातून सोडावेत. मुदतीनंतरचं कलम काढावं.

समोरचा माणूस सभ्य होता. म्हणाला, असं कुणी मागत नाही, सगळे सही करून पाठवतात. मग म्हणाला, वर विचारतो.

गुरुवार, २८ ऑगस्ट

काल घरोघरी गणपती बसले. आज सकाळी सुधारलेला करार आला आणि दुपारी भाचीने सही केली.

परिशिष्टात तिच्या गाण्यांची यादी जोडली आहे. ती गाणी तिचीच राहिली. कायद्याची रॉयल्टी वगळण्याचे शब्द आले. बंदी बारा महिन्यांवरून सहा महिन्यांवर आली आणि नागपूर-वर्धा भागातले लहान कार्यक्रम फक्त कळवून करता येतील. मुदतीनंतरचं कलम त्यांनी काढलं नाही. झहीर खानचा निकाल आमच्या बाजूला आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे. चित्रीकरण कापण्या-जोडण्याचा अधिकार तसाच राहिला. तुकारामांचा अभंग यादीत आला.

यातून मी जे ठामपणे मांडू शकतो, ते असं. गायक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना करार मराठीत मिळाला पाहिजे, निदान त्याचा मराठी सारांश. सहीआधी किमान पंधरा दिवस तो हातात असला पाहिजे. स्पर्धकाची स्वतःची रचना करारात आपोआप ओढली जाऊ नये. बाहेर पडणाऱ्या स्पर्धकावरची बंदी तो शोमध्ये किती राहिला, त्या प्रमाणात असावी. हे माहिती व प्रसारण मंत्रालय एका सूचनेने सुरू करू शकतं. २०१९ साली लहान मुलांच्या नृत्यस्पर्धांबाबत त्याने चॅनेलांना सूचना दिलीच होती.

नागपुरात यासाठी लागणारी माणसं आहेत. सिव्हिल लाइन्समध्ये बौद्धिक संपदेचं शिक्षण देणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे, वारंग्याला राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. दोघांनी मिळून ऑडिशनच्या हंगामात महिन्यातून एक दिवस करार वाचून देण्याचं केंद्र चालवलं, तर विदर्भातल्या प्रत्येक गाणाऱ्या मुलाला ते पोहोचण्याजोगं असेल. तशी विनंती करणारी दोन पत्रं आज पाठवली.

आणि ज्यांच्या घरात उद्या असा गठ्ठा येईल, त्यांना एवढंच सांगतो: मुलांना शोमध्ये जरूर पाठवा. आधी मुदत मागा, मग वाचा, स्वतःच्या गाण्यांची यादी करारातून बाहेर काढा, आयपीआरएस किंवा इसामराचं सभासदत्व घ्या, आणि त्यानंतरच सही करा.